अकरा वाल आणि दोन ट्यूब

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
६ ऑगस्ट २०२५

चि. चारूस शशीताईचे आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझ्या कानातलं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं, आणि माझ्या घरात फोनवर बोललेलं वल्लरीला स्वयंपाकघरात ऐकू जातं. सून गुणाची आहे, पण तिला कळलेली गोष्ट घरच्या ग्रुपवर जायला कितीसा वेळ. म्हणून कागद काढला. बत्तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसून लोकांचे अर्ज घेतले, आता स्वतःच अर्ज करतेय.

तू जळगावला त्या रोपांच्या प्रयोगशाळेत जन्मभर ट्यूबलाइट सांभाळल्यास. केळीची रोपं म्हणे बाटलीत, उन्हाचं तोंडही न बघता वाढायची. मलाही घरात ट्यूबच्या उजेडावर एक झाड वाढवायचंय. ऊन आमच्याकडे नाहीच. समोर सतरा मजली उभी राहिल्यापासून भर दुपारी हॉलमध्ये दिवा लावावा लागतो. गच्चीत सोसायटीने वॉटरप्रूफिंगचं काम काढलंय, कुंडी ठेवायला बंदी. वर हा पाऊस. तेव्हा कुठली ट्यूब घ्यायची, किती घ्यायच्या, कशा टांगायच्या ते सगळं खुलासेवार लिही.

दुकानात जाऊन आले. तो म्हणाला, "काकी, ट्यूब आता कोण नेतं, एलईडी घ्या." मी विचारलं, पांढऱ्यात किती प्रकार असतात, तर हसायलाच लागला.

झाड अगदी साधं आहे. छंद म्हणून लावतेय. घाई मात्र आहे. उलट टपाली उत्तर पाठव.

तुझी,
शशीताई


जळगाव
१३ ऑगस्ट २०२५

ती. शशीताईस चारूचा साष्टांग नमस्कार.

छंद आणि घाई एकाच पत्रात? ताई, लहानपणी मावशीची लोणच्याची बरणी फोडलीस तेव्हाही तू मला असंच विचारलं होतंस, "चारू, चिनी माती कशाने चिकटते रे? सहज विचारतेय." तेव्हा काय फोडलंस ते आधी कळव.

आता कामाचं. दुकानदाराचं चूक नाही, एलईडीवर झाडं उत्तम वाढतात म्हणतात. पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी ट्यूबचा माणूस. चार फुटी, छत्तीस वॅटच्या दोन ट्यूब घे. जुन्या बाजारातल्या एखाद्या इलेक्ट्रिकवाल्याकडे माळ्यावर पडून असतील, झटकून देईल. दोन्ही एका रंगाच्या घेऊ नकोस. खोक्यावर आकडा असतो. एक घे ६५०० वाली, निळसर पांढरी. तिच्यावर पानं धरतात, झाड बुटकं आणि दणकट राहतं. दुसरी २७०० किंवा ३००० ची, पिवळसर, आपल्या जुन्या बल्बसारखी. ती फुलाफळाला मदत करते. दोघी शेजारी शेजारी बसव. चोक इलेक्ट्रॉनिक घे, नाहीतर गुणगुणत राहील आणि तुझा लेक वरद वैतागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अंतर. लोक ट्यूब छताला लावतात आणि झाडाला नावं ठेवतात. ट्यूबचा उजेड आपल्याला भरपूर वाटतो, झाडाला तो हातभर लांब गेला की संपला. शेंड्यापासून चार बोटं, फार तर वीतभर. साखळीने टांग, म्हणजे झाड वाढेल तशी वर घेता येईल. ट्यूबच्या दोन्ही टोकांना उजेड कमी असतो, म्हणून कुंड्या आठवड्याने फिरवायच्या. धूळ पुसायची. मागे थर्माकोलचे पांढरे पत्रे उभे कर, उजेड वाया जात नाही.

तुझी भावजय मंगल गेल्यापासून मला असं कोणी काही विचारलं नव्हतं. मुलगा विचारतो ते फक्त गोळ्या घेतल्या का एवढंच. झाडाचं नाव कळव, म्हणजे तास ठरवून देतो.

तुझा,
चारू


खांदा कॉलनी
१९ ऑगस्ट २०२५

चि. चारूस आशीर्वाद.

बरणी या वेळी दुसऱ्याची फोडली. लिहूनच टाकते, तुला नाही तर कोणाला सांगणार.

आमच्याकडे उरणच्या खाडीवरून शांती मासे घेऊन येते, तीस वर्षं झाली. वरदच्या मुंजीत, लग्नात, आमचे हे गेले तेव्हाही ती दारात होती. त्यांची खाडीकाठी अर्धा एकर भातजमीन होती. भात कापलं की त्याच ओलीवर आणि बांधावर वाल पेरायचे. दोन वर्षांपूर्वी जमीन रस्त्यात गेली. शेवटच्या पिकाचं दीड किलो बी तेवढं राहिलं. घराचं बांधकाम काढलंय, सध्या सगळे पत्र्याच्या शेडमध्ये, तिथे उंदीर. म्हणून होळीला तिने राख लावलेल्या वालाचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाय, तुझ्या घरात उंदीर नाय. दिवाळी झाली की नेते. माझ्या पोरीच्या, भावनाच्या सासरी, कोन गावात पेरीन."

आणि मी काय केलं? चार तारखेला श्रावणी सोमवार. भजनाच्या वीस बायकांना जेवायला बोलावलेलं. सोमवारी वालाचं बिरडं नसेल तर उपास सुटल्यासारखा वाटतो का? रविवारी सकाळी पाहते तो घरात वालाचा दाणा नाही आणि बाहेर पाऊस कोसळतोय. मनात आलं, वाल तो वाल. आत्ता शांतीचे घेऊ, नंतर बाजारातले आणून डबा भरून ठेवू. राख धुतली, भिजवले, मोड आणले, सोलले आणि नारळ घालून वीस बायकांना वाढले. वाहवा झाली. अशी चव कधी खाल्ली नव्हती म्हणाल्या.

मंगळवारी बाजारातले वाल आणले आणि ताटात पसरून बघितले. ते टपोरे, पांढरट. शांतीचे बारीक, तांबूस, डोळ्यापाशी काळा ठिपका. आंधळ्यालासुद्धा फरक कळेल. तिच्या बांधाचं बी मी खाऊन बसले, चारू. ते दुसरीकडे कुठेच नाही. डब्याच्या तळाशी राखेत अकरा दाणे चिकटून राहिले होते, तेवढेच आता जगात आहेत.

ट्यूब मिळाल्या, तू म्हणालास तशाच, जुन्या पनवेलात. आज अकराही पेरले. पावसात बाहेर वाल कुजतो, हे मला माहीत आहे, म्हणून घरात. दिवाळीपर्यंत निदान ओंजळभर बी तिच्या हातात पडायला हवं. वल्लरीला म्हटलंय, शेवग्याची रोपं आहेत. तिने मान हलवली.

शशीताई


जळगाव
२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी

ती. शशीताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग हसू आवरलं. वाल तो वाल हे मीही म्हटलं असतं. बाजारातले वाल राखेत घोळून तिला द्यायचे, हा विचार तुझ्या डोक्यात येऊन गेला असणारच. तू तो केला नाहीस, एवढ्यावरच मी आज गणपतीला तुझ्यासाठी दूर्वा वाहिल्या.

घाबरू नकोस. तुझ्या हाताशी चाळीस वर्षांचा अनुभव आहे. सोळा तास उजेड, आठ तास अंधार, हा आमचा नियम. पहाटे पाचला चालू, रात्री नऊला बंद. लाखो रोपं वाढवली यावर, एकाने तक्रार केली नाही. वाल वेलासारखा चढायला लागला तर ट्यूबच्या पट्ट्या आडव्या न ठेवता खिडकीच्या गजाला उभ्या बांध, म्हणजे वेल त्यांच्या अंगाने वर जाईल.

शांतीबाईंना सध्या काही बोलू नकोस. झाड उभं राहिलं की मग बोलायला तोंड राहतं.

चारू


खांदा कॉलनी
२९ सप्टेंबर २०२५

चि. चारूस आशीर्वाद.

अकरातले सात उगवले. आणि काय उगवले आहेत म्हणून सांगू. ट्यूब उभ्या बांधल्या, तर वेल पडद्याच्या दांडीवर पोचले, तिथून पंख्याकडे बघतायत. पानं तळहाताएवढी. वरद म्हणतो, आई, हॉलमध्ये जंगल केलंस. शेवगा असा वेलासारखा चढतो का, हे मात्र त्याने विचारलं नाही. इंजिनिअर आहे.

पण फुलाचा पत्ता नाही. कळी नाही, कळीचा तुरासुद्धा नाही. रोज सकाळी चष्मा लावून प्रत्येक कोंब बघते.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या, श्रावण संपला, आणि गणपती उठल्यावर शांती पाटी घेऊन आली. बोंबील, मांदेली. मी दार अर्धंच उघडलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तिला आत बोलावलं नाही. "पाहुणे झोपलेत," म्हटलं. तिने डब्याचं विचारलं. "आहे ना, वर माळ्यावर," म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्याकडं हाय म्हनून बिनघोर हाय बग." चारू, बोंबील तळले आणि माझ्या वाटणीचे वरदच्या ताटात घातले.

त्या शेडमध्ये तिच्या नवऱ्याला, दयारामला, कंबरेचा त्रास उठलाय. जमीन गेल्यापासून तो कशातच लक्ष घालत नाही, फक्त कोनला वाल पेरायची वाट बघतोय, असं ती म्हणाली. हे मला का सांगितलंन कोण जाणे.

काहीतरी कर. दिवाळीला तीन आठवडे राहिले.

शशीताई


जळगाव
७ ऑक्टोबर २०२५

ती. शशीताईस नमस्कार.

निदान सोपं आहे. झाडाला ताकद कमी पडतेय. ट्यूबचा उजेड उन्हाच्या मानाने दुबळाच, त्यावर पानं निघतात पण फुलाला पुरत नाही. तेव्हा तिसरी ट्यूब लाव, २७०० वाली. आणि तास वाढव. पहाटे पाच ते रात्री अकरा. शेणखत थांबव, पाणी हात आखडून घाल.

फूल येईल. मी सांगतो ना. या विषयात माझा शब्द खाली पडलेला नाही.

चारू


खांदा कॉलनी
२७ ऑक्टोबर २०२५

चि. चारूस आशीर्वाद.

तुझा शब्द पडला. चांगला तोंडावर पडला. पण आधी माझं ऐक, माझ्या छातीवरचा धोंडा उतरलाय.

भाऊबीज झाली आणि शनिवारी सकाळी शांती आली. पाटी नव्हती. नवं लुगडं, डोक्यात अबोली, हातात माझ्यासाठी करंज्या. डबा न्यायला आली होती. मी आदल्या रात्रीपासून बहाणा तयार ठेवला होता, की माळ्यावर पेस्ट कंट्रोल झालंय, आठ दिवसांनी ये. तोंड उघडलं आणि बहाणा निघेना. म्हटलं, "शांती, तुझं बी मी शिजवून खाल्लं."

ती उंबऱ्यावरच बसली. मी सगळं सांगितलं, सोमवार, वीस बायका, वाल तो वाल. तिने हातातल्या करंज्या उंबऱ्यावर ठेवल्या. मग विचारलंन, "बिरडं कसं झालेलं?"

मी म्हटलं, "चांगलं झालं होतं."

"नारल घातलेला?"

"हो."

"आमच्या बांधावरचं शेवटचं बिरडं, आनि आमच्याच तोंडाला नाय लागलं," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिथेच तिच्यासमोर खाली बसले आणि या वयात शेंबूड पुसत रडले. ती रडली नाही. माझा हातही धरला नाही.

मग मीच म्हटलं, आत ये, काय राहिलंय ते बघ. आत आली आणि हॉलच्या मधोमध थबकली. तिन्ही ट्यूब चालू, वेल पंख्यापर्यंत. जवळ गेली, देठ दोन बोटांत धरला. देठाला जांभळी झाक आहे, मी ती रोज बघत होते पण मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. "हा आमचाच," ती म्हणाली. पहिल्यांदा तोंड जरा सैल झालं. "फुल नाय?"

"नाही. सगळं करून पाहिलं."

"बत्ती कवापासून कवापर्यंत असते?"

"पहाटे पाच ते रात्री अकरा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की तसं मी शाळेत कोणाकडे पाहिलं नसेल. "बाय, तू त्याला निजू देत नाय. वाल थंडीचा नाय, वाल मोठ्या रातीचा. दिवस आखूड झाल्याबिगर तो फुलत नाय." मग सांगितलंन की रस्त्याचं काम सुरू झालं त्या साली त्यांच्या बांधाशेजारी कंत्राटदाराने मोठा दिवा उभा केला होता, रात्रभर जळायचा. त्या दिव्याखालचा वाल असाच हिरवागार माजला आणि त्याला एक शेंग लागली नाही. दिवा पोचत नव्हता तिथला बांध शेंगांनी भरला होता. त्या एका साली बघून दयारामने सांगितलं होतं, उजेडाने वाल खुळावतो.

चाळीस वर्षांचा अनुभव आणि लाखो रोपं, काय रे चारू?

वेल बाहेर काढून तिला देता येत नाहीत. गजात, पडद्यात, एकमेकांत असे गुंतलेत की सोडवायला गेलं तर तुटतील. ती म्हणाली, "राहू दे हितंच. आता तू सुरू केलंस, तूच पुरं कर." यंदाचं कोनचं पेरणं चुकलं ते चुकलंच. बी झालं तर पुढच्या साली. जाताना करंज्या ठेवून गेली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. पण दार आता पूर्ण उघडतं, एवढंच मला पुष्कळ झालं.

तिसरी ट्यूब काढली. आता सकाळी आठला लावते, संध्याकाळी पाचला बंद. तिन्हीसांजेला तेवढ्या परत लावते, कारण लक्ष्मीच्या वेळेला हॉलचा कोपरा काळोखात ठेवणं मला जमायचं नाही. जेवणं आटपली की साडेनऊला बंद. बाकी सगळं शांती म्हणाली तसं.

शशीताई


जळगाव
४ नोव्हेंबर २०२५

ती. शशीताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग प्रयोगशाळेत माझ्याबरोबर असलेल्या कुंदनकडे गेलो. त्याला विचारलं, "आपण इतकी वर्षं रोपं वाढवली, त्यातलं एक तरी फूल आपल्या खोलीत पाहिलंस?" तो म्हणाला, "साहेब, वीतभर झाली की शेतकरी घेऊन जायचे. फूल कुठून बघणार?"

ताई, मी आयुष्यात ट्यूबखाली फूल पाहिलेलं नाही. मला ठाऊक होतं ते फक्त बाळरोपांचं. तू वाल म्हणालीस तेव्हा मी लिहायला हवं होतं, की वालाचं मला माहीत नाही. लिहिताना पेन अडलंही. पण निवृत्त झाल्यावर, मंगल गेल्यावर, पहिल्यांदा कोणी मला कामाचं विचारत होतं. मला माहीत नाही असं लिहिलं तर तू पुन्हा विचारणार नाहीस अशी भीती वाटली. म्हणून सोळाचे अठरा केले. माझ्यामुळे तुझे दोन महिने गेले आणि दयारामचं पेरणं चुकलं. मला माफ कर.

आता एक गोष्ट मात्र मला नक्की कळते, कारण ती दिव्याची आहे. तिन्हीसांजेला परत ट्यूब लावतेस ते काय चाललंय? पाचला बंद करून साडेसहाला लावलीस तर झाडाची रात्र मोडली. त्याच्या हिशेबी दिवस साडेनऊपर्यंत चालला. शांतीबाईंनी सांगितलेलं सगळं तू एका हाताने करतेस आणि दुसऱ्या हाताने पुसतेस.

लक्ष्मीला अंधारात ठेव असं मी म्हणणार नाही, आईने मलाही तेच शिकवलंय. दिवा लाव, पण झाडाला झाक. पाच वाजता जाड, काळं काहीतरी वरून टाक, उजेड शिरायला फट राहू देऊ नकोस, आणि सकाळी आठला काढ. रोज. एक दिवससुद्धा चुकवू नकोस. फूल किती दिवसांनी येईल? मला माहीत नाही.

चारू


खांदा कॉलनी
८ डिसेंबर २०२५

चि. चारूस अनेक आशीर्वाद.

फूल आलं.

काल सकाळी घोंगडी काढली तर पडद्याच्या दांडीपाशी तुरा. जांभळट पांढरी, बोटाच्या पेराएवढी दोन फुलं आणि मागे कळ्यांची रांग. मी खुर्चीवर चढून बघितली, मग उतरून चहा केला, मग परत चढले. इतकं हलकं मला वरदच्या दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

घोंगडीची गोष्ट सांगते. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी जुन्या साड्या टाकून बघत होते, आरपार दिसत होतं. वल्लरी माझ्यामागे येऊन उभी राहिली. हातात तिच्या माहेरची, सातारची काळी घोंगडी. म्हणाली, "आई, साडीने भागायचं नाही. वाल आहे तो." तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या रविवारी माळ्यावरून डबा तिनेच काढून दिला होता, हे मी विसरूनच गेले होते. ग्रुपवर एक अक्षर टाकलं नाही तिने. तीन महिने मी तिच्यापासून चोरून पत्रं टाकायला पोस्टात जातेय, आणि ती मी परत येईपर्यंत चहाचं पाणी ठेवतेय. सुनेबद्दल जे तुला लिहिलं होतं ते मागे घेते.

आता घोंगडी रोज पाचला आम्ही दोघी टाकतो. एक टोक तिचं, एक माझं. मग दिवा लावतो.

आणि माफीचं म्हणशील तर ते सोड. "मला माहीत नाही" असं लिहिलंस त्या पत्राने फूल आलं. यापुढेही विचारीन. वॉशिंग मशीन हल्ली चालत चालत दारापर्यंत येतं, त्याचं काय करायचं?

शशीताई


जळगाव
१६ डिसेंबर २०२५

ती. शशीताईस नमस्कार.

पत्र कुंदनला वाचून दाखवलं. आम्ही दोघं म्हातारे उगाचच एकमेकांशी हात मिळवून बसलो. शेंगा वेलावरच पूर्ण वाळू दे, हिरव्या काढू नकोस, एवढं इथल्या एका शेतकऱ्याला विचारून लिहितोय. मनाचं नाही.

मशीनच्या खालचे पाय फिरवून समान कर. हे माझं स्वतःचं ज्ञान.

चारू


खांदा कॉलनी
१० फेब्रुवारी २०२६

चि. चारूस आशीर्वाद.

शेंगा वाळल्या. ट्यूबच्या उजेडावरचं पीक ते, काही शेंगांत एकच दाणा, काही फुसक्या. सगळे मिळून एकशे सहा वाल निघाले. बारीक, तांबूस, डोळ्यापाशी काळा ठिपका. मी एकेक दाणा उलटून बघितला.

रविवारी रिक्षा करून वल्लरीबरोबर कोनला गेले. शांती आणि दयाराम भावनाकडेच राहायला आलेत, त्यांच्या घराचं छत अजून घालायचंय. दयाराम खाटेवर होता. शांतीने दाणे सुपात ओतले आणि सूप त्याच्यासमोर धरलं. त्याने एक उचलला, नखाने टोचून पाहिला, दाताखाली धरला, मग परत ठेवला. "आपलाच हाय," म्हणाला. उठून बसला आणि भावनाला विचारलं, मागच्या तुकड्यात पाणी साचतं का. भावना माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, बाबा दिवाळीपासून आज पहिल्यांदा स्वतःहून काही बोलले.

शांतीने चुलीतली राख आणली, दाण्यांना चोळली आणि दोन वाटण्या केल्या. एक आपल्या गाडग्यात टाकली. दुसरी, मी दाणे आणले होते त्या तिच्याच डब्यात भरली, झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "शांती, नको. कोणाकडेही ठेव, माझ्याकडे नको. मी काय केलं ते विसरलीस का?"

ती म्हणाली, "नाय इसरले. म्हनून तर. जी कदी चुकली नाय तिच्याकडं कशी ठेवू? तिला अजून चुकायचं हाय."

वल्लरीने माझ्याआधी डबा उचलला. परतताना रिक्षात तो मी मांडीवर घेतला, आणि घर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसले.

तुझी,
शशीताई